वर्षअखेरीच्या चित्र-आढावा बैठकीबाबत सूचना

जलरंग गटातील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सरत्या वर्षातील कामाचा एकत्र आढावा घेण्यासाठी येत्या रविवारी सकाळी ८ वाजता कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या काठी बैठक होईल. प्रत्येकाने वर्षारंभीचे एक व अलीकडचे एक चित्र, तसेच स्केचवही सोबत आणावी. फसलेली चित्रेही अवश्य आणावीत, कारण हात कुठे अडला आणि कुठे मोकळा झाला हे त्यांतूनच अधिक स्पष्ट दिसते.

माझ्यापुरते सांगायचे तर, या वर्षी मी थांबायला शिकले. आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) दिल्यावर ओल्या कागदाची चकाकी ओसरून तो नुसता दमट उरला, की दूरची झाडी लावावी. मग कडा मऊ उतरतात. मात्र त्या वेळी ब्रशमध्ये पाणी जास्त असेल, तर कातरलेल्या कडांचे डाग पडतात.

छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हापुन्हा रंगवला, म्हणूनच ही जागा निवडली आहे. एकाच विषयाकडे इतक्या निष्ठेने परतणे मला फार मोलाचे वाटते. पुढील वर्षी प्रत्येकाने एकच ठिकाण सर्व ऋतूंत रंगवावे, असा माझा प्रस्ताव असून त्यावर बैठकीत निर्णय घेतला जाईल.

बैठकीनंतर तेथेच चित्र काढायचे असल्याने शक्यतो ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद आणावा. रंगाचे पाणी तळ्यात ओतू नये. ते परत नेण्यासाठी झाकणाची बाटली जवळ ठेवावी.