आधी भिंती आणि जमीन, मग यंत्र

चि. मीरा,

अनेक आशीर्वाद.

घराचा नकाशा मिळाला. निखिलचं म्हणणं घर तापवायला गॅस बॉयलर लावून मोकळं व्हावं, तुझं म्हणणं हीट पंप घ्यावा, आणि निवाडा माझ्याकडे आलाय. माझी सगळी नोकरी शीतगृहांच्या कॉम्प्रेसरजवळ गेली आणि हीट पंप म्हणजे तेच यंत्र उलट्या कामाला जुंपलेलं, म्हणून सविस्तर लिहिते. कौल मी तुझ्या बाजूने देईन. पण निखिल जे विचारतोय ते अगदी रास्त आहे. त्याच्या प्रश्नांची उत्तरं न शोधता हीट पंप बसवलात, तर पहिल्याच थंडीत बिल बघून तुम्हा दोघांनाही पश्चात्ताप होईल.

गॅस जाळला की त्यात जेवढी उष्णता आहे तेवढीच मिळणार. चांगला कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली उष्णताही काढून घेणारा, बॉयलर त्यातले शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भाग घरात पोचवतो, त्यापुढे त्याची धाव नाही. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. शून्य अंशाच्या हवेतही उष्णता असतेच. बाहेरच्या कॉइलमधून हवेहूनही थंड रेफ्रिजरंट, म्हणजे फ्रिजमध्ये असतो तसा उष्णता वाहणारा पदार्थ, फिरतो, हवेतली उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि तो आपली उष्णता घरातल्या पाण्याला देऊन परत जातो. वीज लागते ती या वाहतुकीपुरती. निखिलला हे नवं खूळ वाटत असेल तर त्याला सांग, विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले ते, यांनी अशा यंत्राची कल्पना १८५२ साली मांडली होती, आणि झुरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ साली लिम्मत नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला होता. आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या देशांत तो घरोघरी दिसतो.

आता मुख्य गोष्ट. हीट पंप किती स्वस्तात चालेल हे सगळ्यात जास्त एका आकड्यावर ठरतं: घर तापवायला पाणी किती गरम लागतं. बाहेर शून्य अंश आहे आणि पाणी ३५ अंशांना पुरतंय, तर सिद्धांताप्रमाणे एका युनिट विजेमागे जास्तीत जास्त नऊच्या आसपास युनिट उष्णता मिळते. तेच पाणी ५५ अंशांना लागलं तर सहा. खरी यंत्रं याच्या निम्म्याच्या थोडं अलीकडेच थांबतात, म्हणजे पहिल्या घरात चार आणि दुसऱ्यात तीनहूनही कमी. यंत्र तेच, कंपनी तीच, हवा तीच. फरक घराचा.

म्हणून मला तुमच्या वादापेक्षा नकाशातल्या जमिनीची काळजी जास्त आहे. घर तापवणारं पाणी ज्यांतून फिरणार त्या जमिनीखालच्या पाइपांमधलं अंतर वीस सेंटीमीटर दाखवलंय. ते दहा ते पंधरा करून घ्या. पाइप जवळजवळ असले की कोमट पाण्यावरही खोली तापते. बाथरूममध्ये तर हात आखडू नका, तिथे जमीन थोडी आणि ऊब जास्त हवी असते. यंत्र पंधरा-वीस वर्षांनी बदलता येतं, पण वरचं काँक्रीट एकदा ओतलं की पाइपला कोण हात लावणार? आणि निखिलला हेही सांग की त्याचा बॉयलरसुद्धा याच जमिनीवर खूश राहील. घरातून परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ पाणी होऊन आपली उष्णता देते. गरम रेडिएटरवर चालवला तर कंडेन्सिंग बॉयलर नावालाच कंडेन्सिंग उरतो. म्हणजे उद्या तुम्ही काहीही ठरवलंत तरी हा खर्च वाया जात नाही.

दुसरं, प्रत्येक खोलीचा उष्णतेच्या गळतीचा हिशेब लेखी मागा. भिंत, खिडकी, छप्पर, हवेची ये-जा, सगळ्याचा. ‘एवढ्या क्षेत्रफळाला एवढे किलोवॉट’ असं तोंडी सांगणाऱ्या माणसाचं ऐकू नका, तो स्वतःच्या बचावासाठी हमखास मोठं यंत्र लिहून देतो. बॉयलर मोठा झाला तर फारसं बिघडत नाही. हीट पंप मोठा झाला की सौम्य थंडीत दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो, वीज खातो आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. हे मी शीतगृहात इतक्या वेळा पाहिलंय की नुसत्या आवाजावरून सांगू शकते. पाइपच्या जाडीकडेही बघा. सहा किलोवॉट उष्णता नेताना जाताना-येतानाच्या पाण्यात वीस अंशांचा फरक असेल तर मिनिटाला चार-साडेचार लिटर पाणी पुरतं. हीट पंपात हा फरक साधारण पाच अंशच असतो, म्हणजे सतरा लिटर. बॉयलरच्या सवयीने बारीक पाइप टाकणारा प्लंबर इथे घात करतो.

आता निखिलचा पैशांचा प्रश्न. तुमच्याकडच्या विजेच्या एका युनिटच्या दराला गॅसच्या एका युनिटच्या दराने भागा. गॅसचं बिल घनमीटरमध्ये असेल तर एक घनमीटर म्हणजे साधारण दहा युनिट धरा. हीट पंपाची वर्षाची सरासरी ३.६ आणि बॉयलरची ०.९ असेल, तर भागाकार चारच्या खाली असेपर्यंत हीट पंप चालवणं स्वस्त. घर ५५ अंशांच्या पाण्यावर चालणारं असेल तर हीच सीमा तीनवर येते. बघ, पुन्हा जमिनीवरच आलो! शिवाय नव्या घराला गॅसची लाइन घेतलीच नाही तर जोडणीचा खर्च, दरमहाचा स्थिर आकार, धुराडं आणि त्याची तपासणी, सगळं वाचतं. आणि ज्या घरात काही जळतच नाही तिथे कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही. आई म्हणून मला हे पैशांइतकंच मोलाचं वाटतं.

पर्यावरणाचं तुझं म्हणणं बरोबर आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रातली वीज वापरली तरी हिशेब बहुधा हीट पंपाच्या बाजूनेच लागतो. केंद्राने गॅसमधली निम्मी ऊर्जा विजेत आणली आणि पंपाने तिची साडेतीनपट केली, तर तोच गॅस घरात जाळण्यापेक्षा जास्त ऊब मिळाली.

एक गोष्ट मात्र ताबडतोब बदला. नकाशात बाहेरचं युनिट तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, पायवाटेला लागून आहे. दमट थंडीत, शून्याच्या जरा वर-खाली, बाहेरच्या कॉइलवर पांढरं दव गोठतं, पात्यांमधल्या फटी बुजतात आणि हवा आत जाईनाशी होते. मग यंत्र थोडा वेळ उलटं फिरून ते वितळवतं. पंखा थांबतो, व्हॉल्व्ह फुस्सकन आवाज करतो, वाफेचा लोट उठतो आणि खाली भडाभडा पाणी पडतं. ते पाणी पायवाटेवर गेलं तर रात्रीत काच होते आणि सकाळी कोणीतरी आपटतं. युनिट जमिनीपासून उंच चौथऱ्यावर ठेवा, खाली खडीचा खड्डा करा आणि पाणी गोठणार नाही इतक्या खोल मुरू द्या. आवाज शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही जाता कामा नये, दोन भिंतींच्या कोपऱ्यात तो घुमतो. तुम्ही पाहिलेल्या मॉडेलात रेफ्रिजरंट म्हणून आर-२९० म्हणजे प्रोपेन आहे. त्याची निवड मला आवडली, कारण आर-४१०ए हा जुना रेफ्रिजरंट गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो, प्रोपेनचं तसं नाही. पण प्रोपेन पेटतो आणि हवेहून जड असतो, म्हणून युनिटच्या आसपास तळघराची खिडकी किंवा गटाराचं तोंड चालत नाही. उत्पादकाने किती अंतर सांगितलंय ते वाचून मगच जागा पक्की करा.

गरम पाण्यासाठी टाकी लागेल, तिला आतापासून कोनाडा राखा. बॉयलर नळ सोडल्याबरोबर पाणी तापवतो, हीट पंपाला साठा करावा लागतो. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, म्हणून ते पाणी अधूनमधून ६० अंशांपर्यंत नेण्याची सोय असावी.

कडाक्याच्या चार रात्रींसाठी पंपात विजेची कॉइल असते. ती लागली म्हणून घाबरू नका, पण तिचं मीटर वेगळं दिसेल असं करून घ्या. ती रोज चालत असेल तर कुठेतरी चुकतंय.

गळतीचा हिशेब आला की मला आधी पाठव, सही नंतर. निखिललाही हे पत्र वाचायला दे आणि त्याला दरांचा भागाकार करून मला कळवायला सांग.

तुझी,
आई