घशात नळी घालण्याआधी चार वाक्यं तरी बोला

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझी एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून दुर्बिणीची नळी घालून पोटाची तपासणी. घसा अजून खवखवतोय, तो बरा होईल. टेबलावरची ती १० मिनिटं मात्र डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितोय.

रात्रीपासून उपाशी. वेळ दिली आठची, नंबर लागला पावणेबाराला. बाकावर बसलो तर डोक्यावर आपल्याच खात्याचा फलक : 'उपचारांची संपूर्ण माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.' पावणेचार तासांत तो पाठ झाला. समोरचं दार उघडलं की आतून कुणाच्या तरी उमाशांचा आवाज यायचा. शेजारच्या अनोळखी आजींनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांचं नाव दोनदा पुकारलं, तशा त्या उठल्या आणि सरळ बाहेर चालत्या झाल्या. कुणी हाक मारली नाही.

माझी संमतीपत्रावर सही घेतली ती टेबलावर आडवं केल्यावर, चष्मा काढून. "करा सही, रुटीन असतं." तुमचं असेल हो रुटीन! मी पहिल्यांदाच तिथे पडलो होतो. घशात स्प्रे मारला, घसा बधिर झाला आणि मला वाटलं, श्वासच अडकला. ते स्प्रेचं काम असतं. नळी अन्ननलिकेत जाते, श्वासाची वाट मोकळी असते. सावकाश श्वास घेत राहायचं. लाळ गिळायची नाही, गळू द्यायची. एवढंच तर सांगायचं होतं! मी ते घरी येऊन वाचलं. टेबलावर नळी ओढायला हात गेला तेव्हा दोघांनी मनगटं दाबली आणि वर ऐकवलं, "एवढे मोठे झालात ना?" मला रडू आलं. हे लिहायची मला लाज वाटत नाही.

१८६८ साली जर्मनीत डॉ. कुसमाउल यांनी पोटात ताठ नळी घातली ती तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या. १९५७ मध्ये लवचिक दुर्बीण आली. आज ती जेमतेम करंगळीएवढी आहे. पण आम्ही अजूनही तलवार गिळणारेच आहोत, असं धरून आम्हाला आडवं केलं जातं.

डॉक्टरांवर माझा राग नाही. त्या दिवशी यादीत छत्तीस नावं होती, मी मोजली. परिचारिका एकच. यंत्राला पैसे मिळतात, इमारतीला मिळतात; माणसाशी बोलणाऱ्या माणसाची जागा मात्र मंजूर होत नाही. घाबरलेल्या रुग्णाची नाडी धावते, रक्तदाब चढतो, उमासे वाढतात, तपासणी लांबते. मग वेळ वाचला कुणाचा?

संमतीपत्र आदल्या दिवशी, कळेल अशा भाषेत द्या. गुंगीचं इंजेक्शन हवं का, ते विचारा. असा पर्याय असतो हेच मला ठाऊक नव्हतं. बाकावर बसलेल्यांशी बोलायला एक माणूस नेमा.

मला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. त्या आजींना कुणी बोलावलं का, एवढं आपल्या खात्याकडून कळवा.

आपला,
एक रुग्ण