किलोमीटर भागिले वेग करून विमानप्रवासाचा वेळ छापू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे आकडे हल्ली सगळीकडे फिरतात, बातम्यांतही तसेच्या तसे येतात, त्याबद्दल लिहितोय. किलोमीटरचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सगळ्यात कमी अंतर असतं ते. गडबड होते ती तासांच्या आकड्यात, कारण तो त्याच अंतराला ताशी आठ-नऊशेने भागून काढलेला असतो, आणि विमान काही त्याच रेषेवरून जाईल असं नसतं.

हेलसिंकी-टोकियोचंच बघा. सरळ अंतर सुमारे ७,८०० किमी, आधी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपातल्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास जवळपास १३ तासांवर गेला. म्हणजे दोन्ही विमानतळ जागच्या जागी, अंतर तेच, पण तीन-साडेतीन तास वाढले, आणि भागाकार करणारे आजही जुनाच वेळ दाखवणार!

दुसरं म्हणजे वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारे जेट स्ट्रीम असतात, त्यामुळे न्यूयॉर्क-लंडन (सुमारे ५,५५० किमी) जाताना साधारण सात तास आणि परत येताना आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे वारा इतका पाठीशी होता की ब्रिटिश एअरवेजचं बोईंग ७४७ विमान हेच अंतर ५ तासांच्या आत पार करून गेलं. एअर इंडियाने तर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, रस्ता हजाराहून जास्त किमीने लांबला पण वारा मागून मिळाल्यामुळे वेळ उलट कमी झाला. माझ्या मते हे एकच उदाहरण पुरेसं आहे, अंतर जास्त आणि वेळ कमी असं खरंच होतं.

शिवाय कंपन्या टाइमटेबलमध्ये देतात तो वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत रांगेत थांबणं वगैरे सगळं आलं. आणि दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या दुपारी उतरतं, मधे बारा तास उडून! नुसती वजाबाकी करणाऱ्याचं डोकंच फिरेल.

या आकड्यांवर भरवसा ठेवून लोक पुढचं विमान पकडायचं ठरवतात, वयस्कर आई-बाबांच्या औषधांच्या वेळा लावतात, लहान मुलाला किती तास सीटवर बसवायचंय याचा अंदाज बांधतात. दोन-तीन तासांचा फरक त्यांच्यासाठी किरकोळ नाही हो. सिंगापूर-न्यूयॉर्कसारख्या १५,३०० किमीच्या प्रवासात तर आधीच १८ तासांच्या वर बसायचं असतं.

म्हणून विनंती एवढीच की अशी माहिती छापताना सरळ अंतर द्या, पण वेळ मात्र कंपनीच्या चालू टाइमटेबलमधला द्या, जातानाचा वेगळा, येतानाचा वेगळा, आणि दोन शहरांच्या घड्याळातला फरकही सोबत द्या. उन्हाळी-हिवाळी टाइमटेबल बदललं की वेळ पण परत तपासून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक