काकू, तुमची सहा इंची पट्टी अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी तो दोरा ओव" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आता तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

तो राखाडी स्कर्ट आठवतो? रडकुंडीला येऊन मी तो तुमच्यापुढे टाकला होता. तीनदा उसवून चौथ्यांदा शिवला होता, तरी खालची दुमड एका बाजूला तीन सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला साडेतीनच्या जवळ. घालून उभी राहिले की खालची कड वरखाली जायची. माझा हातच वाकडा, शिवणकाम आपल्याला जमायचं नाही, अशी माझी खात्रीच झाली होती. तुम्ही स्कर्टकडे धड बघितलंही नाहीत. एवढंच विचारलंत, "मोजलंस कशानं?"

मी कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी पुढे केली. तुम्ही ती उलटसुलट करून शून्याच्या आधीच्या कोऱ्या जागेवर नख ठेवलंत. जेमतेम चार-पाच मिलिमीटरची जागा. दुमड मोजताना कुठे मी शून्य धरला होता, कुठे पट्टीचं टोक, आणि कुठे काय धरलं हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. तीन वेळा उसवताना मी शिलाईला दोष देत होते. चूक टाचणी लावण्याच्याही आधी झालेली होती!

मग तुम्ही सुयांच्या डब्यातून ती काढलीत. पातळ धातूची, जेमतेम बोटभर रुंद, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर, मधल्या खाचेत सरकणारी निळी प्लास्टिकची खूण. शून्य अगदी टोकापासून सुरू. सीम गेज म्हणतात हे मला पुढे कळलं, तुम्ही तर नुसतं "पट्टी" म्हणता. मला वाटलं, मोजायला थोडी सोयीची पट्टी, आणखी काय! पण तुम्ही खूण चारवर नेलीत, पट्टीचं टोक दुमडीच्या घडीला लावलंत, कापडाची कच्ची कड वर-खाली करत खुणेला टेकवलीत आणि इस्त्री फिरवलीत. पाच-सहा सेंटिमीटर पुढे सरकून पुन्हा तेच. मी प्रत्येक वेळी वाकून आकडा बघत होते, तर तुम्ही म्हणालात, "आकडा एकदाच वाचायचा. आता नुसतं टेकतंय का बघ."

काकू, माझ्यासाठी सगळं शिवणकाम त्या वाक्यानंतर बदललं. मी तोवर दर वेळी नव्यानं मोजत होते, आणि दर वेळी नव्यानं चुकत होते. डोळा जरा तिरका पडला, टेप जरा ताणली गेली, की मिलिमीटर इकडचा तिकडे. एका स्कर्टच्या घेराला वीस-पंचवीस वेळा आकडा वाचला, तर त्यातले चार-पाच तरी चुकणारच. सरकती खूण माप धरून ठेवते, मला ते डोक्यात किंवा डोळ्यात धरावं लागत नाही. घेरदार स्कर्टच्या गोल कडेला तर याची खरी किंमत कळते. तिथे मोठी पट्टी ठेवली की ती वळणावर आडवीच पडते. ही छोटी असल्यानं थोडं थोडं सरकवत नेता येते.

मायेचं, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेल्या जास्तीच्या कापडाचं, गणितही तुम्हीच घातलंत. शिवणीत माया किती सोडली आणि प्रत्यक्षात टीप कुठे पडली, या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तुम्ही चार कळ्यांचा, म्हणजे चार उभे तुकडे जोडलेला, स्कर्ट घेऊन हिशेब मांडलात: चार शिवणी, प्रत्येकीच्या दोन कडा, म्हणजे आठ. प्रत्येक कडेला एकच सूत जास्त आत गेलं तर आठ सूत, म्हणजे कंबरेला अख्खा इंच कमी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. तेवढं तर माझ्या खडूच्या जाड रेघेतच हरवत होतं. मी मात्र "माप घेऊन शिवलं तरी घट्ट कसं झालं" म्हणून वजनकाट्यावर उभी राहून आले होते.

त्या दिवसापासून नवं काही शिवायला घेतलं की आधी त्याच कापडाच्या चिंधीवर एक टीप मारते आणि कडेपासून टिपेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजते. पहिल्याच वेळी धक्का बसला. मशीनच्या फूटाच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेला कापड लावलं की पाव इंच पडतो, असं मी धरून चालले होते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. माझ्या मशीनचा पडत होता जवळजवळ साडेसात. एका कपड्यात एखाद-दोन शिवणींना हे खपून जातं. पण तुकडे जोडून केलेल्या गोधडीत? आठ तुकड्यांच्या एका ओळीत सात शिवणी, प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून एकेक मिलिमीटर जास्त खाते, म्हणजे ओळ चौदा मिलिमीटर आखूड. आणि दुसऱ्या ओळीत सहाच तुकडे असले की कोपरे कशाला जुळतील! आता मी नीडल प्लेटवर, म्हणजे सुईखालच्या धातूच्या पत्र्यावर, योग्य अंतरावर कागदी चिकटपट्टी लावते आणि कड तिला धरून चालवते. अंतर अर्थात तुमच्याच पट्टीनं ठरवते.

इंच आणि सेंटिमीटर एका कपड्यात मिसळायचे नाहीत, हा तुमचा दंडक आधी मला नुसता हट्ट वाटला होता. मग तयार पॅटर्नवर, म्हणजे कापड कापायच्या कागदी नमुन्यावर, "पाच सूत किंवा दीड सेंटिमीटर" असं छापलेलं बघितलं. इंच नेमका २.५४ सेंटिमीटरचा, म्हणजे पाच सूत होतात १५.९ मिलिमीटर. दीड सेंटिमीटरपेक्षा मिलिमीटरभर जास्तच की. आठ कडांवर एका बाजूनं इंच आणि दुसऱ्या बाजूनं सेंटिमीटर धरले, तर कळ्या एकमेकींशी जुळणार कशा? आता पट्टीची एकच कड वापरते, दुसरी बाजू अंगठ्याखाली झाकून.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या पट्टीवर नको तितका विश्वास टाकला, आणि तुम्ही तो लगेच काढून घेतलात. शर्टाला सात बटणं लावायची होती. खूण नऊ सेंटिमीटरवर लावून मी एका काजापासून पुढचं काज, त्याच्यापासून पुढचं, अशी खाली खाली निघाले. तुम्ही हात धरलात. सहा अंतरं, प्रत्येकात दोन मिलिमीटर घसरले, तर शेवटचं काज जवळजवळ सव्वा सेंटिमीटर सरकणार. आधी वरचं आणि खालचं काज पक्कं करायचं, मधलं ५४ सेंटिमीटरचं अंतर टेपनं सहात वाटायचं, आणि पट्टी फक्त पडताळायला. लांबचं माप टेपचं, जवळचं पट्टीचं. मी तेव्हा जरा फुरंगटले होते, कबूल करते. शर्ट बघून गप्प बसले.

आता ते सांगायचं आहे जे मी इतके दिवस टाळत होते. तुमच्या पट्टीची निळी खूण मी वितळवली. पडद्याची दुमड इस्त्री करता करता पट्टी तशीच खाली राहिली, आणि धातूला काही झालं नाही तरी प्लास्टिकचा एक कोपरा वाकडा झाला. खूण आता नीट धरत नाही, हात लागला की आपोआप सरकते. पहिल्या दिवशी मला हे कळलंच नाही, आणि एक अख्खा पडदा साडेतीनच्या ऐवजी चारच्या दुमडीनं शिवून झाला. म्हणून आता काम सुरू करताना एकदा, आणि मध्येच एकदा, खूण जिथे लावली तिथेच आहे ना हे बघते. दुमड इस्त्री करताना पट्टी आधी बाजूला घेते, मग इस्त्री टेकवते. तुम्हीही असंच करत होतात. मी बघत होते, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जुनी पट्टी मी परत देणार नाही, ती वाकडी खूण माझीच आहे. तुमच्यासाठी नवी घेतली आहे. शून्य टोकापासूनच आहे, टेपशी ताडून बघितली. खूण घट्ट आहे, डब्यात हलवूनही चारवरून सरकली नाही.

तुमची,
राखाडी स्कर्टवाली