दर मंजूर करण्याआधी गळती शोधा: सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय: बी विंगमधील गळती व सदनिकांतील बुरशी यांच्या कामासाठी व्यावसायिक नेमण्याबाबत

महोदय,

बी विंगच्या वरच्या दोन मजल्यांवरील ओलीसाठी आलेली तीन दरपत्रके सूचना फलकावर लावलीत, त्याबद्दल आभार. तिन्हींत गच्चीचा चौरस फुटाचा दर, 'बुरशीनाशक फवारणीसह रंगकाम' अशी एक ओळ आणि 10 वर्षांची हमी आहे. पाणी नेमके कुठून येते, याबद्दल मात्र एकाही कागदावर शब्द नाही. रविवारच्या बैठकीत यांतला सर्वांत कमी दर मंजूर होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. माझी मुख्य विनंती अशी की गळती शोधणारा आणि ती दुरुस्त करणारा हे दोघे वेगळे असावेत. ज्याच्याकडे गच्चीचे कोटिंग (पाणी अडवणारा लेप) विकायला आहे, त्याला प्रत्येक ओल गच्चीतूनच आलेली दिसते.

पाहणीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा फक्त तपासणी करणारा सल्लागार ठरावीक फी देऊन नेमावा. त्याने आधी सभासदांकडून ओलीचे वेळापत्रक घ्यावे. मे महिन्यातही भिंत ओली असेल तर पावसाचा संबंध नाही. पाणी पाइपातून किंवा बाथरूममधून येते. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत डाग वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीची चौकट किंवा गच्चीवरचा स्पाउट (पावसाचे पाणी बाहेर सोडणारे तोंड) तपासावा. पाऊस थांबून चार-पाच दिवस झाले तरी छत ठिबकत असेल, तर ते पाणी बहुधा ब्रिकबॅट कोब्यात साठलेले असते. विटांच्या तुकड्यांचा हा थर चार ते सहा इंच जाड असतो आणि स्पंजासारखा पाणी धरतो. अशा भरलेल्या कोब्यावर वरून कोटिंग मारले की उन्हात आतल्या पाण्याची वाफ होते, कोटिंगला फुगे येतात आणि पुढच्या पावसाळ्यात ते पापडासारखे सुटते. म्हणून ऑगस्टमध्ये गच्चीला कोटिंग करायला तयार असलेला कंत्राटदार केवळ तेवढ्याच कारणावरून बाद करायला हरकत नाही. आत्ता स्पाउट साफ करणे, ताडपत्री बांधणे आणि डक्टमधले (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेतले) पाइप दुरुस्त करणे एवढेच होऊ शकते. कोटिंग कोबा सुकल्यावर, दिवाळीनंतर.

गच्चीची चाचणी पाणी साठवून होते: स्पाउट बंद करून 25 मिमी पाणी 48 तास ठेवायचे. यात एक सावधगिरी हवी. 100 चौरस फुटांवर एवढे पाणी म्हणजे सुमारे 232 किलो, आणि आपल्या 3,000 चौरस फुटांच्या गच्चीवर ते 7 टनांच्या घरात जाते. ज्या छताच्या सळ्या गंजून उघड्या पडल्या आहेत तिथे इंजिनिअरने लेखी होकार दिल्याशिवाय पाणी साठवू नये. एरवीही विटांचे छोटे बांध घालून एकेका भागाची चाचणी घ्यावी. सगळी गच्ची एकदम भरली तर कुठल्या भागातून गळते ते कळतच नाही.

बाथरूमच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी भिंतीतल्या पाण्याच्या लाइनवर हातपंप लावून, वापराच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन दाबमापकाचा काटा खाली पडतो का ते पाहावे. काटा स्थिर राहिला तर नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्यात) बादलीभर रंगीत पाणी ओतून फक्त निचऱ्याची लाइन तपासावी. शेवटी ट्रॅप बूच लावून बंद करावा आणि फरशीवर 24 तास पाणी ठेवावे. बहुतेक ठिकाणी सुरुवातच फरशीवर पाणी भरून होते, पाणी ट्रॅपच्या कडेने उतरते आणि मग चांगल्या टाइल्स फोडल्या जातात. वरच्या मजल्यावरील सभासद आत येऊ देत नाहीत ही अडचण खरी आहे. पण उपविधींप्रमाणे समितीला सूचना देऊन सदनिकेची पाहणी करता येते. ती नोटीस याच आठवड्यात काढावी.

डक्टकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या बिडाच्या पाइपांचे सांधे सुटले आहेत आणि तिसऱ्या मजल्याजवळ पिंपळ उगवला आहे. तो दरवर्षी छाटला जातो, म्हणून मुळे आत आणखी जाड होतात. मुळासकट काढून, भोकात मूळनाशक घालून मगच पॉलिमर मॉर्टरने भरणे हे दरपत्रकात स्वतंत्र कलम हवे.

पाहणीला येणारा माणूस थर्मल कॅमेरा आणि ओलावा मापक आणेल. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, फक्त थंड पृष्ठभाग दिसतो. एसीच्या हवेने गार झालेली भिंतही त्यात निळीच दिसते. पिनांचा मापक मुळात लाकडासाठी बनलेला असतो. खार फुटलेल्या भिंतीत क्षारांमुळे, आणि आत सळई किंवा धातूचा पाइप असेल तिथे, तो खोटा चढा आकडा दाखवतो. त्यामुळे अहवालात त्याच खोलीतील कोरड्या भिंतीचा आकडा तुलनेसाठी लिहिलेला असावा. छताचे प्लास्टर हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखाव्यात, आणि सळ्यांजवळच्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे रसायन लावून पाहावे. काँक्रीट गुलाबी झाले तर सळईला गंजापासून वाचवणारी त्याची अल्कधर्मिता शाबूत आहे. रंग आला नाही तर सळईचे संरक्षण गेले आहे, आणि मग प्रश्न केवळ वॉटरप्रूफिंगचा राहत नाही.

आता बुरशीविषयी. 'बुरशीनाशक फवारणीसह रंगकाम' ही ओळ सरळ काढून टाकावी. ओल्या पुट्टीवर किंवा प्लायवर बुरशी 24 ते 48 तासांत धरू लागते, आणि ती मारली म्हणजे गेली असे होत नाही. मेलेल्या बुरशीचे कणही दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना त्रास देतात. ती काढूनच टाकावी लागते. ब्लीच भिंतीवर मारले की डाग फिका पडतो आणि काम झाल्यासारखे वाटते, पण त्यातले पाणी पुट्टीत मुरते आणि बुरशीला तेवढाच ओलावा मिळतो. शिवाय सफाई कामगार ब्लीच आणि टॉयलेटचे ॲसिड एकाच बादलीत मिसळतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा जिवाशी खेळ आहे, म्हणून कंत्राटात यावर लेखी बंदी असावी.

सफाई करणाऱ्याला हे सांगता आले पाहिजे की तो खोली वेगळी कशी करणार. दाराला 150 मायक्रॉनचे प्लास्टिक, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा, एसी आणि छताचा पंखा बंद. कामगारांना एन 95 मास्क, हातमोजे, चष्मा. पुट्टी कोरडी खरवडायची नाही, आधी पाण्याचा हलका फवारा मारायचा. नाहीतर एका खोलीतली बुरशी घरभर होते. दिसणाऱ्या डागाच्या बाहेर फूट-दोन फूट, टणक प्लास्टर लागेपर्यंत काढायचे. मलबा दुहेरी पिशवीत बांधून खाली न्यायचा, लिफ्टमध्ये उघड्या घमेल्यातून नाही. नंतर हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमने झाडून साबणाच्या पाण्याने पुसायचे. फुगलेले पीओपीचे छत, जिप्सम बोर्ड आणि बाथरूमच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची प्लायची पाठ धुऊन वाचत नाही. ते काढूनच टाकावे लागते. सांडपाण्याच्या लाइनचे पाणी आलेल्या घरात गाद्याही टाकाव्या लागतील.

सुकवणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग. पावसाळ्यात खिडक्या उघडून पंखे लावले की बाहेरची 80-90 टक्के आर्द्रता आत येते. त्याऐवजी खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर चालवावा, रोज किती पाणी जमले ते लिहावे आणि खोलीची आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणावी. ओल्या भागाचा मापकाचा आकडा कोरड्या भिंतीच्या जवळ आल्यावरच पुट्टी. नवे सिमेंट प्लास्टर केले असेल तर रंगाला साधारण 28 दिवस थांबावे. 'गणपतीच्या आत रंग करून देतो' असे जो म्हणतो त्याला हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो सांगत नाही.

वीज: ज्या घरांत आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडतो आहे, तिथे तो काढून साधा एमसीबी (फक्त जादा भार किंवा शॉर्ट सर्किटला पडणारा स्विच) बसवू नये. वायरिंगच्या पाइपातून पाणी तारांपर्यंत पोहोचल्याची ती खूण असू शकते. परवानाधारक वायरमनकडून मेगर चाचणी (तारांचे इन्सुलेशन तपासणे) होईपर्यंत त्या खोलीचे सर्किट बंद ठेवावे.

कंत्राटातील काही गोष्टी थोडक्यात. कोटिंगची मात्रा डब्यावर लिहिलेली असते. समजा दोन हातांना मिळून चौरस मीटरला दीड किलो असेल, तर आपल्या सुमारे 279 चौरस मीटर गच्चीला 20 किलोचे 21 डबे लागतील. डबे सीलबंद यावेत, बॅच क्रमांक नोंदवावेत आणि रिकामे डबे वॉचमनने मोजून घ्यावेत. पाणी घालून पातळ केलेले कोटिंग डोळ्यांना कळत नाही, डब्यांच्या मोजणीत कळते. हमीपत्रावर सही कुणाची ते पाहावे. कंपनीची हमी बहुधा मालापुरती असते, कारागिरीची नाही, आणि खालच्या घराच्या रंगाची तर नाहीच. आगाऊ रक्कम 10 टक्क्यांहून जास्त नको. शेवटचे 10 टक्के पुढचा पूर्ण पावसाळा गेल्यावर द्यावेत. दरात 18 टक्के जीएसटी धरला आहे का, हेही विचारावे, कारण तीनपैकी दोन दरपत्रकांत त्याचा उल्लेख नाही. इमारतीबाहेर टांगलेल्या झुल्यावर काम करणाऱ्यांचा विमा नसेल तर काम सुरू करू देऊ नये.

खर्च कोणी करायचा यावर वाद होऊ नये. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपलाइन आणि गच्चीच्या गळतीमुळे वरच्या मजल्याच्या छताचे झालेले नुकसान सोसायटीने दुरुस्त करायचे. सदनिकेतील टॉयलेट-सिंकची गळती संबंधित सभासदाची. पाहणी अहवालात प्रत्येक डागापुढे यांतले कोणते कारण आहे ते लिहिलेले असावे. सोसायटीची किंवा सभासदांची विमा पॉलिसी असेल तर पाइप फुटून झालेले नुकसान त्यात बसू शकते, हळूहळू झिरपलेली ओल सहसा बसत नाही. त्यामुळे विमा कंपनीचा सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत भिजलेले सामान टाकू नये आणि तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

रविवारच्या बैठकीत तिन्ही दरपत्रके स्थगित ठेवून फक्त तपासणीचे काम देण्याचा ठराव मांडावा, ही विनंती. तपासणीच्या दिवशी माझ्या सदनिकेचे बाथरूम सकाळी आठपासून उपलब्ध राहील.

आपला विश्वासू,
सभासद, बी विंग

प्रत: मा. सचिव, मा. खजिनदार