आधी बाथरूम, मग बाग

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात, आई दुसरेच काहीतरी विचारते आणि बोलणे तिथेच थांबते, म्हणून हे पत्र. घराच्या कामांचा क्रम दादाने आणि मी मिळून ठरवला आहे आणि गवंड्याला होकारही कळवला आहे. आधी बाथरूम, मग गच्चीची गळती, त्यानंतर बाग आणि रंगकाम सर्वांत शेवटी. बाबांच्या यादीत बाग पहिली होती आणि बाथरूम कुठेच नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही पत्र शेवटपर्यंत वाचावे, आणि चष्मा लावून वाचावे.

आई, तू स्टुलावरून उठताना टॉवेलच्या दांडीला धरतेस. मागच्या वेळी मी ती दांडी नीट पाहिली. तिचे डावे टोक भिंतीपासून नखभर सुटले आहे आणि खालच्या फरशीवर पांढरा चुरा पडतो. ती दांडी दोन बारीक स्क्रूंवर टॉवेलपुरती बसवलेली असते. माणसाचा भार घेण्यासाठी ती नसतेच. आधाराचे दांडे वेगळे येतात. ते जमिनीपासून साधारण 85 ते 90 सेंटिमीटर उंचीवर, भरीव भिंतीत खोल बोल्ट घालून बसवतात. आपण दोन बसवणार आहोत, एक नळाशेजारी आणि एक कमोडजवळ. ते दवाखान्यासारखे दिसतील अशी तुला भीती आहे, पण हल्ली ते साध्या नळांच्या रंगातही मिळतात, आणि रंग तूच निवडायचा आहेस.

फरशीचा प्रश्न आम्ही बराच घोळवला. रबरी चटई हा सर्वांत सोपा उपाय होता, पण तिच्या कडा वळतात, खाली बुळबुळीत थर साचतो आणि तो घासायला तूच वाकणार. घसरण थांबवणारा लेप लावता येतो. तो झिजला की पुन्हा लावावा लागतो, आणि नेमका कधी झिजला हे कोणी पाय घसरल्याशिवाय पाहत नाही. म्हणून जुनी फरशी काढून खरखरीत पृष्ठभागाच्या लहान फरश्या बसवायच्या ठरल्या. लहान फरश्यांत सांधे जास्त असतात, त्यामुळे पायाला पकड मिळते. दारातला तो उंच उंबराही काढून टाकू आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून जाळीकडे मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार ठेवू. तोडफोडीची धूळ होईल, आवाज होईल, हे कबूल आहे. पण त्या दिवसांत मागचे बाथरूम चालू राहील, गरम पाण्याची सोय तिथे आधीच केलेली असेल आणि आईची दुपारची झोप मोडणार नाही अशी वेळ गवंड्याशी बोलून ठेवली आहे. आजीच्या वेळी आपण काय काय पुढे ढकलले, ते आपल्या तिघांनाही आठवते. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

आता बाबा, गच्चीवरच्या बागेबद्दल. तुम्ही कागदावर काढलेले वाफे मी जपून ठेवले आहेत आणि नकाशा सुंदर आहे. पण ओल्या मातीचे वजन घनमीटरला 1600 ते 1800 किलो भरते, म्हणजे 30 सेंटिमीटर खोलीच्या वाफ्यात दर चौरस मीटरवर अर्धा टन. घरांच्या गच्च्या साधारणपणे चौरस मीटरला 150 ते 200 किलो जादा भार धरून बांधलेल्या असतात. त्यातून आपली गच्ची आधीच गळते आहे, आणि गळते ती कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यातून. वरून पत्रे टाकावेत असे काकांचे म्हणणे होते, पण त्याने भेग झाकली जाईल, बुजणार नाही. तो सांधा उकरून भरायचा, उतार नीट करायचा, वर जलरोधक थर द्यायचा आणि 24 तास पाणी साठवून खालून ओल येते का ते पाहायचे, असे ठरले आहे. भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग लावायचा नाही. ओल आत कोंडली की पोपडे सुटतात, आणि ते आपण एकदा पाहिलेच आहे.

बाग रद्द झालेली नाही, ती फक्त खाली अंगणात येते आहे. बी पेरायला शिकवताना तुम्ही माझे बोट धरून पहिल्या पेरापर्यंत मातीत रोवायचात आणि "बस, एवढेच" म्हणायचात. अजूनही कुंडीत बी टाकताना मी तेच माप वापरते. तुमचे हात मातीत राहावेत, फक्त गुडघे राहू नयेत, एवढाच हट्ट आहे. म्हणून 60 ते 75 सेंटिमीटर उंचीचे वाफे बांधू. दोन्ही बाजूंनी हात पोचेल तिथे रुंदी 120 सेंटिमीटर आणि एकाच बाजूने पोचेल तिथे 60. घराच्या भिंतीला चिकटून एकही वाफा नको, नाहीतर मातीची ओल आत शिरेल. मधली वाट किमान 90 सेंटिमीटर ठेवू, म्हणजे पुढे-मागे काठी असो वा ढकलगाडी, अडचण होणार नाही. उंच वाफे लवकर सुकतात हा त्यांचा खरा तोटा आहे, म्हणून ठिबकच्या नळ्या आणि टायमर बसवू आणि मातीवर पाचेक सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घालू. ठिबकची गाळणी साफ करण्याचे काम मात्र तुमचेच. बादल्या उचलायच्या नाहीत.

काम सुरू होईपर्यंत काही गोष्टी आजच करायच्या आहेत. आई, बाथरूमसमोरची ती गुंडाळणारी सतरंजी उचलून टाक, कोणी दिली होती ते माहीत असूनही सांगते. त्या टॉवेलच्या दांडीला हात लावायचा नाही; दारामागची खुर्ची आत घेऊन तिचा आधार घे. बाबा, रात्री त्या वाटेवरचा छोटा दिवा चालू राहू द्या, त्याला नगण्य वीज लागते. शिडीवर चढून भेग स्वतः पाहायची नाही. शिडी दादाने कुलूपबंद केली आहे आणि किल्ली कुठे आहे हे तुम्हाला कळले असेल, तरीही नाही.

तुम्हाला विचारले नाही असे वाटू देऊ नका; फरशीचा रंग, वाफ्यांत काय लावायचे आणि झोपाळा कुठे हलवायचा, हे सगळे तुमच्याकडेच ठेवले आहे. अंगणाची लांबी-रुंदी टेपने मोजून फोटो पाठवावा. टेपचे दुसरे टोक आईने धरावे, बाबांनी वाकू नये.

तुमची,
धाकटी