शुक्रवारचा उपास आता सोड, आई

पुणे, रविवार

प्रिय आई-पप्पा,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगायला गेले की आई रडते, मग मीही रडते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे. आम्ही बाळासाठीचे उपचार थांबवलेत. चौथ्यांदा करणार नाही. दोघांनी मिळून ठरवलं आणि डॉक्टरांनाही कळवून टाकलं.

घाईत नाही ठरवलं. तीन वेळा ती इंजेक्शनं, तीन वेळा ते दोन आठवडे जीव मुठीत धरून बसणं आणि तीन वेळा रक्ताचा तोच रिपोर्ट. पैशांमुळे थांबलो असं मनात आणू नका. आईने पाटल्या मोडल्या ते मी विसरलेले नाही, तरी पैशांमुळे नाही. शरीर थकलं होतं आणि घरात दुसरा विषयच उरला नव्हता. तुमच्या जावयांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. उलट तेच आधी म्हणाले, "आता पुरे. मला तू हवी आहेस." आता झोप लागते. दोन्ही वेळा नीट जेवते. डबाही नेते, आई, बाहेरचं खात नाही.

पप्पा, दादा सांगत होता, संध्याकाळच्या प्रार्थनेला हल्ली तुम्ही आईलाच पुढे करता. माझ्यामुळे ना?

तिसऱ्या रिपोर्टनंतर दोन महिने मीही चर्चला गेले नाही. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला तर काय करू, याची भीती वाटायची. मग एका संध्याकाळी ऑफिसातून निघाले ती गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात जाऊन मागच्या बाकावर बसले. प्रार्थना सुचेना. तुम्ही पाठ करून घेतलेलं बायबलमधलं 42वं स्तोत्र तेवढं आठवलं. 42 आणि 43 मिळून तो माणूस आपल्या जिवाला तीनदा तेच विचारतो, का खिन्न झालास म्हणून. एकदा विचारून त्याचंही भागलं नव्हतं! मला केवढा धीर आला.

घरी येऊन लूकच्या शुभवर्तमानाचा 24वा अध्याय काढला. येशू क्रुसावर गेल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेला लागलेले त्याचे ते दोघं शिष्य, आम्हाला आशा होती, असं म्हणणारे. होती! प्रभू आधी त्यांना काय झालं ते विचारतो, सगळं ऐकून घेतो. बोलतोही थोडं कडक, पण नंतर. आणि दिवस कलल्यावर त्यांच्याबरोबर थांबतो, भाकर मोडतो. मला बाळ का नाही, याचं उत्तर मिळालं नाही. विचारायचं मी सोडलेलंही नाही. पण विचारताना आता एकटं वाटत नाही.

आठवतं, नगरहून पुण्याला येताना दौंड मागे पडून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आलं की तुम्ही मला खिडकीशी उभं करायचात? रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921मध्ये गेली, तरी त्या हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम करत राहिल्या आणि पुढच्या एप्रिलात स्वतःही गेल्या, हे तुम्ही दर वेळी सांगायचात. मी विचारलं होतं, "त्या देवावर रागावल्या नाहीत?" तुम्ही माझी वेणी सारखी करत म्हणालात, "रागावल्याही असतील बाळा, पण त्याच्याशी बोलणं सोडलं नाही."

पप्पा, तुम्हीही सोडू नका. रागवा हवं तर. माझ्या वाटचंही रागवा. पण बोला.

आणि आई, शुक्रवारचा उपास आता बंद. शुगर असताना दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहतेस, मला सगळं कळतं. गोळी नाश्त्यानंतरच घ्यायची. पप्पांनी समोर बसून पोळी खायला लावायची, आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. उपास वाया गेले असं मात्र समजू नकोस. मी मागच्या बाकावर जाऊन बसले ना, तो शुक्रवारच होता.

शनिवारी दुपारपर्यंत येतो आम्ही. मटण-बिटण करत बसू नकोस, पिठलं-भाकरी पुरे. माळ्यावरचा पाळणा मंडळीत कुणाला हवा असेल तर देऊन टाका.

नको, थांबा. मी आल्यावर देऊ.

तुमची,
छकुली